महागडी इलेक्ट्रिक गिटार : घ्यावी की थांबावे?

गोमंतकीय घरात गिटार ही नवलाईची वस्तू नाही. पोर्तुगीज राजवटीत चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जात असे. त्या शिक्षणातून घडलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतापर्यंत पोहोचले. आजही लग्नाचा मंडप, हॉटेलची गच्ची, तियात्राचा रंगमंच आणि चर्चचे फेस्त अशा अनेक ठिकाणी गिटारवादकाला काम मिळते. त्यामुळे लाख-दोन लाखांची इलेक्ट्रिक गिटार घेण्याचा विचार अनेक घरांत कधी ना कधी होतो. हा विचार हौसेचा असतो, तसाच बचतीचा आणि कधी कधी कर्जाचाही असतो. म्हणून तो करण्यापूर्वी किंमत नेमकी कशाची मोजली जाते, हे समजून घेणे हिताचे ठरते.

आवाज कोठून येतो?

साध्या गिटारीत लाकडी पेटी आवाज मोठा करते. इलेक्ट्रिक गिटारीचे तत्त्व वेगळे आहे. तारांखाली चुंबकांभोवती अत्यंत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. या भागाला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, वेढ्यांत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून स्पीकरकडे पाठवतो. म्हणजेच श्रोत्याच्या कानी पडणाऱ्या आवाजात पिकअप, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि वादकाची बोटे यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. दोन लाखांची गिटार सुमार ॲम्प्लिफायरला जोडली, तर सुमारच वाजते. उलट साधी पण नीट जुळवलेली गिटार चांगल्या ॲम्प्लिफायरवर खुलून येते.

पिकअपचे मुख्य प्रकार दोन. फेंडर कंपनीच्या १९५४ मधील स्ट्रॅटोकास्टरवर एकेरी वेढ्याचे पिकअप होते. त्यांचा आवाज स्वच्छ आणि धारदार. मात्र विजेच्या पुरवठ्यातील ५० हर्ट्झची गुणगुण ते सहज पकडतात. ही गुणगुण घालवण्यासाठी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेढ्याचा ‘हंबकर’ तयार केला. १९५७ पासून तो लेस पॉल गिटारीवर बसू लागला. रोषणाई आणि डिमरने भरलेल्या मंडपात वाजवणाऱ्याने हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

किंमत कशाची?

एकाच आराखड्याची गिटार वेगवेगळ्या किमतींत मिळते. फेंडरचा स्वस्त गटातला ब्रँड स्क्वायर, तर गिब्सनचा एपिफोन. फेंडरच्या मधल्या गटातील अनेक गिटारी मेक्सिकोत बनतात आणि वरच्या गटातील अमेरिकेत. भारतात स्वस्त गटाची गिटार साधारणपणे वीस-तीस हजारांच्या आसपास मिळते. अमेरिकन बनावटीची दीड-दोन लाखांच्या पुढे जाते.

या वाढीव रकमेत मजुरी, सीमाशुल्क, कर आणि नावाची किंमत असते. खऱ्या गुणवत्तेचाही भाग असतो : पडद्यांची घासून-पुसून केलेली कडा, स्वर न उतरू देणाऱ्या खुंट्या, टिकाऊ स्विच, निवडलेले लाकूड. परंतु किंमत दुप्पट झाली म्हणून गुण दुप्पट होत नाहीत. वीस हजारांवरून साठ हजारांवर जाताना जाणवणारा फरक मोठा असतो. लाखावरून दोन लाखांवर जाताना तो बराच कमी होतो आणि पुढे केवळ आवडीचा प्रश्न उरतो.

किंमत आणि संगीत यांचे नाते किती सैल असते, याचे प्रसिद्ध उदाहरण ब्रायन मे यांचे. १९६३ मध्ये शाळकरी वयात त्यांनी वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड आणि जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा वापरून ‘रेड स्पेशल’ ही गिटार बनवायला घेतली. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरी यांच्यासोबत ‘क्वीन’मध्ये ते पुढे हीच गिटार वाजवत राहिले.

लाकूड आणि गोव्याची हवा

गिटारीच्या मानेवरील बोटपट्टीसाठी अनेक कारखाने भारतीय शिसवाचे लाकूड वापरतात. सह्याद्रीच्या रानांतून वाढणारे हेच झाड. शिसवाच्या सर्व जातींवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधने आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. गोव्यात पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्याही वर जाते. लाकूड ओल शोषते, मान वाकते, तारा बोटपट्टीपासून उंच जातात किंवा पडद्यांना घासून खरखरतात. खाऱ्या हवेने तारा गंजतात. जोडणीचे खटके आणि आवाजाची बटणे कुरकुरू लागतात. किंमत जास्त म्हणून गिटार यातून सुटत नाही. म्हणून कडक पेटी, सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झाल्यावर तारा पुसण्याची सवय आणि वर्षातून किमान एकदा जाणत्या कारागिराकडून जुळवणी, हा खर्च किमतीतच धरावा. मानेतील लोखंडी सळई फिरवून बाक सुधारता येतो. मात्र हे काम अननुभवी हाताने करू नये.

दुकानात काय पाहावे?

प्रथम मान डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का, हे पाहावे. हाताचा तळवा मानेच्या कडेवरून फिरवावा. पडद्यांची टोके टोचता कामा नयेत. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून खरखर ऐकावी. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून काढलेला स्वर आणि दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर जुळला पाहिजे. तार दोन-चार वेळा जोरात ताणून स्वर उतरतो का, ते पाहावे.

गिटार खांद्याला अडकवून निदान अर्धा तास उभे राहावे. लेस पॉल बहुधा चार किलोंच्या आसपास किंवा अधिक भरते; स्ट्रॅटोकास्टर त्याहून हलकी असते. तीन तासांच्या कार्यक्रमात हा फरक पाठीला कळतो.

सर्वांत उपयुक्त कसोटी सोपी आहे. खरेदीदाराने पाठ करून उभे राहावे आणि सोबत्याने एकाच ॲम्प्लिफायरवर स्वस्त व महाग अशा दोन गिटारी आळीपाळीने वाजवाव्यात. न पाहता फरक ओळखता आला नाही, तर तो फरक श्रोत्यालाही ऐकू येणार नाही.

जुनी गिटार घेताना अनुक्रमांक तपासावा. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात सर्रास असतात. गिब्सन पद्धतीच्या, मागे झुकलेल्या डोक्याच्या गिटारीत मान आणि डोके यांच्या सांध्यावर चीर आहे का, हे उजेडात पाहावे. तेथे ती मोडण्याची शक्यता अधिक असते.

पैशांचा हिशेब

उपजीविकेसाठी वाजवणाऱ्याने गणित कागदावर मांडावे. पन्नास हजारांची गिटार पुरेशी असताना दोन लाखांची घेतली, तर अंतर दीड लाखाचे. प्रत्येक कार्यक्रमामागे दीड हजार रुपये बाजूला काढले, तरी ते भरून येण्यास शंभर कार्यक्रम लागतील. पावसाळ्यात आणि ख्रिस्ती उपवासकाळात लग्ने थांबतात. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. शिवाय एकच महाग गिटार असेल आणि ऐन कार्यक्रमात तिची तार तुटली, तर हाती दुसरी नसते. दोन मध्यम गिटारी अशा वेळी अधिक कामाच्या.

शिकणाऱ्याच्या बाबतीत पालकांसमोर दुहेरी पेच असतो. अतिस्वस्त, जुळवणी न झालेली गिटार बोटांना त्रास देते आणि मूल कंटाळून शिकणे सोडते. अतिमहाग गिटार ओरखड्याच्या भीतीने पेटीतच राहते. मधल्या किमतीची, नीट जुळवलेली गिटार, छोटा ॲम्प्लिफायर आणि वर्षभराची शिकवणी हा खर्च बहुधा सार्थकी लागतो.

महाग गिटार केव्हा घ्यावी?

सध्याच्या गिटारीत नेमके काय उणे आहे, हे वादकाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ती उणीव नव्या तारा, जुळवणी, वेगळे पिकअप किंवा चांगला ॲम्प्लिफायर यांनी भरून निघत नाही, याची खात्री झालेली असावी. रक्कम कर्जाविना उभी राहत असावी आणि घरातील शिक्षण, औषधपाणी यांच्या तरतुदीला हात लागू नये. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर आवड म्हणूनही ती खुशाल घ्यावी. चांगले वाद्य हाती धरावेसे वाटते, म्हणून रियाजही वाढतो. यांतील एक जरी जुळली नाही, तर आहे त्या गिटारीला नव्या तारा चढवून एक हंगाम थांबावे. दुकानातली गिटार पुढच्या वर्षीही मिळते.