तंबू मागे ठेवलेली माणसे

२५ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील कटाडिन पर्वताच्या माथ्यावर सदुसष्ट वर्षांची एक बाई पोहोचली. एमा गेटवुड तिचे नाव. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. ३ मे रोजी ती दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून निघाली होती. १४६ दिवसांत तिने अ‍ॅपालाचियन ट्रेल ही त्या वेळी सुमारे २,०५० मैलांची, म्हणजे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटीने पार केली. एकाच हंगामात ही वाट एकटीने चालणारी ती पहिली स्त्री. पाठीला रीतसर सॅक नव्हती. जाड्याभरड्या डेनिमची घरी शिवलेली एक झोळी होती, ती ती एका खांद्यावर टाकी. पायात कापडी बूट. तंबू नव्हताच. त्याऐवजी होता न्हाणीघरात लावतात तसला प्लास्टिकचा पडदा.

या पडद्याची गोष्ट गिर्यारोहकांच्या वर्तुळात मी पहिल्यांदा ऐकली त्याला आता पंचवीसेक वर्षे झाली. तंबूऐवजी नुसते एक चौकोनी कापड दोरीवर टाकून त्याखाली झोपायचे, ओझे निम्म्यावर आणायचे आणि दुप्पट चालायचे, या पद्धतीचे आज जगभर चाहते आहेत. आपल्याकडेही आता पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने एमा आजी ही या पंथाची आद्य देवता. मीही तसेच मानत होतो. पुढे तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या माणसांविषयी वाचले, तेव्हा या इतिहासाची सांगण्याची रीत मला खटकू लागली. तो वजनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: अमक्याचे ओझे इतके पौंड, तमक्याचे त्याहून कमी. उतरवलेले ओझे गेले कुठे, हे त्यात कोणी विचारत नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी शब्दाचे पाहू. इंग्रजीतला टारपॉलिन हा जहाजावरचा शब्द. 'टार' म्हणजे डांबर. डांबर चोपडलेले कापड जहाजावरच्या मालावर घालत, आणि तेच कापड खलाशी पावसात अंगावरही घेत. हिंदीतले तिरपाल त्याच्यावरूनच आले. आपल्या 'ताडपत्री'त मात्र ताडाचे पान स्पष्ट दिसते. परक्या शब्दाला आपल्या कानाने दिलेले हे रूप असावे असे मला वाटते, पण ते बसले इतके चपखल की त्यामागे डांबर असेल अशी शंकाही येत नाही. कारण पानांचे छप्पर आपल्या ओळखीचे होतेच. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे इरले म्हणजे दोन्ही हात मोकळे ठेवणारे फिरते छप्पर. धनगराच्या घोंगडीची खोळ हीही तीच गोष्ट. दिवसा पाऊस झेलायची आणि रात्री अंथरायची. एका वस्तूने दोन-तीन कामे करणे हा आजच्या हलक्या भटकंतीचा मूलमंत्र मानला जातो. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला तो कोणी शिकवला नव्हता.

सैन्यानेही हे फार पूर्वी ओळखले होते. फ्रेंच फौजेच्या धर्तीवर अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेकडच्या शिपायांना तंबूचा अर्धा भाग देऊ लागले. दोघांनी आपापले अर्धे कापड बटणांनी जोडायचे, मध्ये काठी किंवा संगिनीसह बंदूक उभी करायची आणि खाली शिरायचे. शिपाई त्याला कुत्र्याचा तंबू म्हणत. पण अर्धा तंबू एकट्याच्या उपयोगाचा नाही. त्याचे वजन निम्मे होते, कारण उरलेले निम्मे दुसऱ्याच्या पाठीवर होते.

छंद म्हणून हलके हिंडण्याचा पहिला खरा प्रचारक म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स. जन्म १८२१चा, व्यवसायाने चांभार. लहानपणी ज्या मूळनिवासी माणसाने त्याला रानात फिरायला शिकवले त्याचेच 'नेसमक' हे नाव त्याने लेखनासाठी घेतले. उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन पन्नास किलोच्या आसपास आणि छातीचा जुना आजार. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांतील तळ्यांवर तेव्हा पैसेवाले लोक हवापालटाला जात. त्यांची होडी वल्हवायला आणि एका तळ्यापासून दुसऱ्या तळ्यापर्यंत ती खांद्यावरून न्यायला पगारी वाटाडे असत. सिअर्सला वाटाड्या परवडत नव्हता आणि जड होडी पेलवत नव्हती. मग त्याने जे. हेन्री रश्टन या होडी बांधणाऱ्या कारागिराकडून एकापेक्षा एक हलक्या होड्या करून घेतल्या. त्यांतली 'सेअरी गँप' ही नऊ फुटांची होडी अवघी साडेदहा पौंडांची, म्हणजे पाच किलोच्या आत. डिकन्सच्या कादंबरीतल्या दारूबाज सुइणीचे नाव त्याने तिला दिले, कारण ती बाई पाणी घेत नसे! १८८३ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने या होडीतून २६६ मैलांचा प्रवास केला. होडी आज वस्तुसंग्रहालयात आहे.

पुढच्याच वर्षी त्याचे 'वुडक्राफ्ट' हे छोटे पुस्तक आले. त्यात तो आपल्या आधीच्या एका सफरीचा हिशेब देतो: होडी, जादा कपडे, कांबळ्याची पिशवी, दोन दिवसांची शिधा, खिशातली कुऱ्हाड, गळ आणि झोळी मिळून ओझे २६ पौंडांच्या वर कधी गेले नाही. म्हणजे होडीसकट बारा किलोंच्या आत. आजच्या ट्रेकरने आपली सॅक काट्यावर ठेवून पाहावी. निवाऱ्यासाठी त्याने बंदिस्त तंबू साफ नाकारला. त्याला उतरत्या छपराचा, पुढून उघडा आडोसा हवा होता. समोर मोठी धुनी पेटवायची, म्हणजे कलत्या कापडावरून ऊब खाली अंथरुणावर परततेे. साध्या सुती कापडाला चुना आणि तुरटीच्या पाण्यात बुडवून पाणरोधक करण्याची कृतीही त्याने दिली आहे. दोन्ही वस्तू वाण्याकडे मिळणाऱ्या.

मला सिअर्स महत्त्वाचा वाटतो तो या आकड्यांमुळे नव्हे. त्याने ओझे कमी केले ते दुसऱ्या कोणाच्या पाठीवर टाकून नव्हे, म्हणून. वाटाड्याचे काम त्याने काढून टाकले आणि ते स्वतःला करता येईल इतके लहान केले. अर्थात त्याची धुनी ही मोठी उधळपट्टी होती. एका रात्रीच्या उबेसाठी किती लाकूड जाळायचे याला तेव्हाच्या रानात कोणी हरकत घेत नव्हते. म्हणजे त्याच्या पाठीवरचे वजन थोडेफार झाडांवर गेलेच.

हलकेपणाची दुसरी परंपरा गिर्यारोहणातली. मोठमोठ्या फौजफाट्याच्या मोहिमांच्या काळात, १९३४ साली, एरिक शिप्टन आणि बिल टिलमन या दोघांनी आपल्या गढवालमधील ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या अंतरंगात जाणारी वाट शोधली. लहान, स्वस्त, सुटसुटीत मोहिमेचा तो आदर्श समजला जातो आणि ते खरेही आहे. पण त्या 'दोघांच्या' मोहिमेत अंग थारके, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा होते, आणि पायथ्यापर्यंत ओझी वाहणारे हमाल वेगळेच. शिप्टनने शेर्पांना सोबती म्हणून वागवले हे त्याचे मोठेपण. मोजताना मात्र ते 'दोन' राहतात.

आता पुन्हा एमा आजीकडे वळतो, कारण माझा भ्रम तिथेच फुटला.

तिचे एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले. नवरा बेदम मारत असे. तीसहून अधिक वर्षे हे सोसल्यावर १९४०च्या सुमारास ती कायद्याने मोकळी झाली. पुढे 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या १९४९ सालच्या अंकातला या डोंगरवाटेवरचा लेख तिच्या वाचनात आला. मारहाण चुकवण्यासाठी पूर्वीही ती घरामागच्या रानात जाऊन बसत असे, तेव्हा रान तिला परके नव्हते. १९५४ मध्ये उत्तरेकडून सुरुवात करून पाहिली. वाट चुकली, चष्मा फुटला, परतावे लागले. दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडून निघाली. घरच्यांना एवढेच सांगितले की जरा चालून येते.

आणि तो पडदा? दंतकथेत तो झाडांना बांधून ती त्याखाली झोपते. प्रत्यक्षात तो मुख्यतः पावसात अंगावर आणि झोळीवर घ्यायचा होता. रात्री ती बहुधा वाटेवर बांधलेल्या तीन भिंतींच्या लाकडी निवाऱ्यांत झोपे. निवारा नसेल तर पाचोळ्याच्या ढिगात, सहलीच्या बाकांवर, किंवा वाटेतल्या घरी दार ठोठावून ओसरीवर. थंडीच्या रात्री चपटे दगड विस्तवावर तापवून त्यांवर अंग टाकी. ऑगस्टमध्ये कॉनी आणि डायेन ही दोन चक्रीवादळे लागोपाठ आली, ओढे तुडुंब भरले, तेव्हा वाटेत भेटलेल्यांच्या मदतीनेच ती काही ठिकाणी पलीकडे गेली. काही दारे तिच्या तोंडावर बंदही झाली. एकट्या म्हाताऱ्या बाईला भटकी समजून लोकांनी घालवून दिले.

याने तिची थोरवी तसूभरही कमी होत नाही. तिने ती वाट नंतर आणखी दोनदा पुरी केली. तीन वेळा पुरी करणारी ती पहिलीच व्यक्ती. पण तिचे छप्पर पडद्याचे नव्हते. स्वयंसेवकांनी बांधलेल्या निवाऱ्यांचे आणि अनोळखी ओसऱ्यांचे होते. ते तिला पाठीवर घ्यावे लागले नाही, एवढेच.

नुसत्या कापडावर खरोखर राहून दाखवले ते रे जार्डीनने. हा माणूस अवकाश-उद्योगातला अभियंता. कड्याच्या भेगेत अडकवायचे 'फ्रेंड' हे स्प्रिंगचे उपकरण त्याने १९७०च्या दशकात शोधले. प्रस्तरारोहण त्याने बदलून गेले. पुढे पत्नी जेनीसह तो मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालला. ही साधारण ४,२६५ किलोमीटरची वाट त्यांनी १९८७, १९९१ आणि १९९४ अशी तीनदा केली आणि दर खेपेला ओझे घटवले. शेवटी शिधा-पाणी सोडून प्रत्येकाचे सामान नऊ पौंडांच्या आत आले. सॅक आणि पांघरूण घरी शिवलेले. निवारा म्हणजे हलक्या नायलॉनचा एक चौकोन, मधोमध आढे, दोन्ही बाजूंना उतार, कडांना ताणाच्या दोऱ्या.

त्याचा युक्तिवाद अभियंत्याचा होता. बंद तंबूत माणसाच्या श्वासातली वाफ कोंडते, थंड कापडावर दव होऊन साचते आणि पांघरूण भिजवते. ताडपत्री दोन्हीकडून उघडी, वारा आरपार जातो, पांघरूण कोरडे राहते. हे खरे आहे. मात्र त्यासाठी जागा निवडता आली पाहिजे. खळग्यात पाणी साचते, खिंडीत वारा लागतो. नायलॉन ओले झाले की सैलावते, म्हणून मध्यरात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. कापडात जे कमी केले ते डोक्यात आणि हातात वाढवावे लागते. १९९२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाने एक पिढी घडवली. पण तेच पुस्तक उघडले तर त्यात शिध्याच्या खोक्यांचे बारीक नियोजन आहे: वाटेवरच्या कोणत्या गावी, किती दिवसांचे, कधी पोहोचेल असे पाठवावे. नऊ पौंडांची सॅक शक्य झाली ती अमेरिकेच्या टपालखात्यामुळेही!

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते दुकानांच्या फलकांवर वाचता येते. सिलिकॉन चढवलेले नायलॉन आले. मग १९९२च्या अमेरिका कप शर्यतीतल्या 'अमेरिका क्यूब्ड' या जहाजाच्या शिडांचे कापड 'क्यूबेन' नावाने भटक्यांकडे आले. सिअर्सची चुना-तुरटी ज्या माणसासाठी होती, त्याला या कापडाचा वारही परवडणार नाही. गरिबाने गरजेपोटी केलेली युक्ती शंभर वर्षांत श्रीमंताची आवड झाली.

माझा स्वतःचा अनुभव सांगितला नाही तर हे सारे पुस्तकी ठरेल. एमा आजीच्या नादात मी एका जूनमध्ये घाटमाथ्यावर प्लास्टिकचा कागद आणि सुतळी घेऊन एकटाच गेलो. सह्याद्रीचा पाऊस आडवा येतो हे जन्मापासून माहीत असूनही त्या रात्री विसरलो. कागदाच्या कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवली होती, ती पहिल्याच झोतात फाटली. कोपऱ्यात गोटा गुंडाळून त्यावर दोरी बांधतात, ते मला नंतर कळले. रात्री अकराच्या सुमारास खालच्या वाडीत उतरलो. पहिल्याच घराच्या पडवीत कंदील होता. म्हाताऱ्या आजींनी नाव विचारण्याआधी गोधडी टाकली. सकाळी चहा देताना मुलगा म्हणाला, "दादा, आमची सगळी माणसं गडावर जाताना हितंच ठेपतात. तुम्ही वर कशाला ग्येलात मरायला?"

पैसे देऊ लागलो तर आजींनी हात मागे घेतले. निघताना तो फाटका कागद मात्र त्यांनी मागून घेतला. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तो गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर होता, चारी टोकांना गोटे गुंडाळून, काथ्याने ताणून बांधलेला.