ऊस ट्रॉलीला मागचे दिवे कसे जोडावेत? सात पिनांच्या सॉकेटची पूर्ण माहिती

यवत : गाळप हंगाम सुरू झाला की पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचनपासून यवत, चौफुला, वरवंड, पाटसपर्यंत रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात. शिरूर भागात न्हावरे-चौफुला रस्त्यावरही तेच चित्र असते. ट्रॅक्टरचे हेडलाईट चालू असतात, पण मागच्या ट्रॉलीला एकही दिवा नसतो. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

हिशोब साधा आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. चालकाला धोका कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ३३ मीटर तिथेच संपले. गाडी पूर्ण थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. डिपरचा उजेड मात्र साधारण ४०-५० मीटरच पोहोचतो. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली दिसल्यावर ब्रेक मारूनही गाडी थांबत नाही. ट्रॉलीचा दिवा हा आपल्यासाठी नसून मागच्यासाठी असतो, आणि मागचा दुचाकीवाला बहुतेक वेळा आपल्याच शेजारच्या गावचा असतो.

काय साहित्य लागेल?

- सात पिनांचा प्लग आणि सॉकेट
- सात तारांची केबल, दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर, अर्थसाठी शक्यतो २.५ चौरस मिलिमीटरची तार
- १२ व्होल्टचे दोन टेल-ब्रेक लाईट (२१/५ वॅटचा बल्ब किंवा एलईडी), दोन पिवळे इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा
- फ्लेक्झिबल पाईप, रबरी बुश, क्लिपा, टेस्ट लॅम्प

कोणती पिन कशाची?

प्लगवर आतल्या बाजूला बारीक आकडे असतात. सर्वसाधारण जोडणी अशी :

१ – डावा इंडिकेटर (पिवळी तार)
२ – जादा दिव्यासाठी; लागत नसेल तर रिकामी (निळी)
३ – अर्थ (पांढरी)
४ – उजवा इंडिकेटर (हिरवी)
५ – उजवा टेल लाईट (तपकिरी)
६ – ब्रेक लाईट (लाल)
७ – डावा टेल लाईट (काळी)

तारांच्या रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ट्रॅक्टरच्या कंपनीनुसार आणि आधीच्या दुरुस्तीनुसार रंग बदललेले असतात. ट्रॅक्टरच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावून एकेक स्विच चालू करा, कोणत्या पिनला करंट येतो ते बघा आणि मगच ट्रॉलीकडची तार जोडा.

खरी गडबड अर्थची

ट्रॉलीच्या दिव्यांच्या बऱ्याच तक्रारी अर्थमुळे येतात. अनेक जण अर्थची तार ओढतच नाहीत. ट्रॉली लोखंडी आहे, हुकातून अर्थ मिळेल, असे धरून चालतात. पण हुकाच्या पिनला ग्रीस, माती आणि गंज असतो. खड्ड्यात ट्रॉली उडाली की संपर्क तुटतो.

खूण ओळखा : ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लाईटही उघडझाप करतो. अर्थ न मिळाल्याने करंट दुसऱ्या बल्बातून परतीची वाट शोधतो, म्हणून असे होते. बल्ब बदलून उपयोग नाही. ३ नंबरच्या पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची स्वतंत्र तार न्या. शिवाय ती चेसिसला एका जागी, रंग घासून, नट-बोल्टने घट्ट करा.

जोडताना ही काळजी घ्या

केबल चेसिसच्या आतल्या बाजूने पाईपातून न्या. पत्र्याच्या छिद्रातून जाते तिथे रबरी बुश बसवा, नाहीतर तार कापून शॉर्ट होते. दांडीपाशी केबल थोडी ढिली ठेवा. वळताना ती ताणली जाऊ नये आणि रस्त्यालाही घासू नये. करंट ट्रॅक्टरच्या फ्यूजमधूनच घ्या, थेट बॅटरीवरून नको. फ्यूज उडतो म्हणून त्याजागी तारेचा तुकडा लावला, तर वायरिंग जळू शकते.

दिवे फाळक्यावर नकोत. फाळका काढला की तेही जातात. चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही कडांना, जाळीच्या संरक्षणात बसवा. ऊस भरल्यावर मागे लोंबणारी वाढी दिव्यावर येत नाहीत ना, हे निघण्याआधी पाहा.

डबल ट्रॉली असेल तर

पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरे सॉकेट बसवून तिथून पुढची केबल न्या. मागच्याला दिसते ती शेवटचीच ट्रॉली, त्यामुळे तिचे दिवे चालू असणे सर्वांत महत्त्वाचे. बल्ब वाढल्यावर इंडिकेटर फारच भरभर लागू लागला किंवा अडकला, तर जास्त लोडचा फ्लॅशर बसवून घ्या.

पाण्याचा टँकर, मळणीयंत्र किंवा जीपमागची छोटी ट्रॉली यांनाही हीच जोडणी चालते.

दिव्यासोबत रिफ्लेक्टरही हवाच

ट्रॉली पंक्चर झाली आणि ट्रॅक्टर सोडून नेला, तर करंटच नसतो. त्या वेळी फक्त रिफ्लेक्टर पट्टी कामाला येते. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी पट्टी लावा आणि त्यावरची माती रोज पुसा. बंद ट्रॉलीच्या मागे किमान ५० मीटरवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. दगड लावले असतील तर निघताना ते आठवणीने रस्त्याबाहेर टाका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणेही मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर बंधनकारक आहेत.

निघण्याआधी दोन मिनिटांची तपासणी

एकाने ट्रॅक्टरवर बसावे, दुसऱ्याने शेवटच्या ट्रॉलीमागे उभे राहावे. टेल लाईट, डावा, उजवा, ब्रेक असे एकेक पाहा. मग टेल लाईट चालू ठेवून ब्रेक दाबा आणि इंडिकेटरही द्या. तिन्ही एकदम नीट चालले तर अर्थ चांगला आहे. मगच फडातून गाडी रस्त्यावर काढा.