धक्का कोणाचा?

वऱ्हाडातल्या माणसाला समुद्राशी काय कर्तव्य, असे तुम्ही म्हणाल. आपल्याकडे पाणी म्हणजे पूर्णा किंवा वर्धा, आणि त्यांनी दगा दिला की विहीर. पण बघा, अमरावतीचे नाव एके काळी सातासमुद्रापार लिव्हरपूलच्या कापूसबाजारात घेतले जात होते. उमरावतीकडून येणारा माल म्हणून आपल्या कापसाला तिकडचे व्यापारी ‘उमरा’ म्हणत. अकोल्याच्या, खामगावच्या शेतातले बोंड लिव्हरपूलला पोचायचे, तर मधे मुंबईचा किनारा ओलांडावा लागे. तो किनारा कोणाच्या हाती होता, ही गोष्ट म्हणूनच आपल्याही घरची आहे.

समुद्राचे पाणी सर्वांचे, हे खरे. पण पाण्यापर्यंत जायचे कसे? मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ओहोटी लागली की लांबवर चिखल उघडा पडतो. कोकणातून मचव्याने येणाऱ्या उतारूला त्या चिखलातून गाठोडे सांभाळीत वर यावे लागे. बायकामुलांचे आणि म्हाताऱ्यांचे काय हाल होत असतील, याची कल्पनाच करावी.

हे हाल लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांनी पाहिले. जन्म १७८९ चा, नोकरी कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात, कारकुनाची. लोक त्यांना भाऊ म्हणत. शहरातला केरकचरा टाकून त्यांनी समुद्रात भर घातली आणि उतारूंसाठी धक्का बांधला. तोच भाऊचा धक्का. भाऊंनी हे फुकट केले असे मात्र समजू नका. धक्क्यावर ते पट्टी घेत, आणि त्यात त्यांचा फायदाही झाला. तरीपण मला वाटते, त्या पट्टीबद्दल कोणी कुरकुरले असेल तर ते चिखल विसरल्यानंतरच. भाऊ १८५८ साली वारले.

त्याच १८५८ साली मुंबईत एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली. नावात ‘प्रेस’ आहे, पण तो छापखाना नव्हे हं. कापसाच्या गाठी दाबण्याचा कारखाना. तेव्हा मोठ्या जहाजांना लागायला गोदी नव्हती. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि गाठी किनाऱ्यावरून पडावांत भरून तिथपर्यंत न्याव्या लागत. म्हणजे ज्याचा किनारा, त्याच्या हातात व्यापाराची नाडी. १८६२ साली सरकारने या कंपनीशी करार केला. जी. आय. पी. रेल्वेच्या स्थानकासाठी कंपनीने समुद्र हटवून १०० एकर जमीन करून द्यायची आणि त्या बदल्यात स्वतःसाठी २५० एकर करून घ्यायची. रेल्वेला जागा मिळाली, आणि पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा एका कंपनीच्या मालकीचा झाला!

सरकार इतके उदार का झाले? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या जिकडेतिकडे निघाल्या. बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागाचा भाव ५०,००० पर्यंत चढला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, आणि मोठमोठ्या पेढ्यांनी दिवाळे काढले.

तेजी गेली, पण किनारा खाजगीच राहिला. इकडे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला, त्या समारंभाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जी वाट तोडायला बैलबंडीला आठवड्यांमागून आठवडे लागत, ती कापूस थोड्या दिवसांत तोडू लागला. पण पोचून उतरायचे कोठे, तर दुसऱ्याच्या दारात. तो मागेल ते भाडे, तो सांगेल तो क्रम. सरकारला उशिरा का होईना जाग आली. त्याने १८७० मध्ये एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये कायद्याने मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन केला. जो किनारा आपणच देऊन टाकला, तो पैसे मोजून परत घ्यावा लागला. मग १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला आणि जहाज धक्क्यालाच लागू लागले.

या पोर्ट ट्रस्टला लोकांची संस्था म्हणायला मी तयार नाही. विश्वस्त म्हणून बसले ते सरकारी अंमलदार आणि बडे व्यापारी. कापूस पिकवणारा किंवा मचव्यातला उतारू तिथे कोणी बोलावला नाही. लाटसाहेब उतरत ते अपोलो बंदरावर, थाटात. कोकणी माणूस मात्र भाऊच्याच धक्क्यावर. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. तरीही किनारा एका कंपनीचा असण्यापेक्षा कायद्याने बांधलेल्या संस्थेचा असणे बरे. तिला निदान जाब विचारता येतो.

आपल्याकडे हाच प्रश्न कोरड्या जमिनीवर उभा होता. बंडी कापूस घेऊन गावात आली की अडत्याच्या अंगणाशिवाय तिला उभे राहायला जागा नसे. माप त्याचे, काटा त्याचा. १८८६ साली कारंज्याला कायद्याने बांधलेला कापूसबाजार सुरू झाला, देशातला पहिला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदाच झाला. सगळी लबाडी त्याने थांबली नाही, पण बंडी सोडायला सर्वांची म्हणून एक जागा झाली. शिक्षकांनी मुलांना कारंज्याचा बाजार आणि मुंबईची गोदी एकाच धड्यात शिकवायला हरकत नाही.

हा तंटा मिटलेला नाही. पोर्ट ट्रस्टचे २०२१ च्या कायद्यान्वये मुंबई बंदर प्राधिकरण झाले. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट जाते. आणि गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी उतारूंसाठी नवी जेटी बांधायचे ठरले, तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली. गर्दी होईल, वाहने वाढतील, जुन्या परिसराची शोभा जाईल, असे त्यांचे म्हणणे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जेटीला मोकळीक दिली, पण अट घालून: प्रेक्षागृहासारखी जी बैठक आराखड्यात होती, ती करमणुकीच्या कार्यक्रमांना द्यायची नाही, बोटीची वाट पाहणाऱ्या उतारूंनाच बसायला ठेवायची.