धवलारणीला निवृत्ती नव्हती

भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याला लागले की मुर्धा, राई, मोर्वा ही आगऱ्यांची गावे ओळीने लागतात. 1985 साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 साली महापालिका. पण त्याआधी कित्येक पिढ्या ही गावे भातशेती आणि मिठागरांवर जगत आली. निवृत्ती ही तिथे परकी गोष्ट. पेन्शनविषयीचा कायदा 1871 चा, तोही सरकारी दप्तरातल्या माणसांसाठी. केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय 1998 मध्ये 58 वरून 60 झाले, याच्याशी मिठागरावर राबणाऱ्याचे काही देणेघेणे नव्हते. अंग थकले की त्याचे काम सुटत नसे, बदलत असे. आणि बदललेल्या कामाचे भांडवल बहुतेक वेळा स्मरण हेच असे. निवृत्तीनंतर स्मरणशक्ती शाबूत कशी ठेवावी, या आजच्या प्रश्नाचे उत्तर आपण शब्दकोड्यांत शोधतो. मला ते या जुन्या व्यवस्थेत अधिक सापडते: स्मरण टिकायचे तर त्याची दुसऱ्या कुणाला तरी गरज असावी लागते.

मिठागराचेच पाहा. दिवाळीनंतर बांधबंदिस्ती करायची, उधाणाचे पाणी आत घ्यायचे, ते उन्हात आटवत पुढच्या वाफ्यांत सोडत न्यायचे आणि पावसाआधी मीठ राशीला लावायचे. यात पाणी कधी चढेल हे कळणे सर्वांत महत्त्वाचे. त्याचा हिशेब तोंडी होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, पण ती भांगाची, जोर नसलेली. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी बाराला उधाण. खाडीच्या तोंडापासून आगर किती आत आहे त्यावर वेळ थोडी मागेपुढे व्हायची आणि हा फरक म्हाताऱ्याच्या डोक्यात असे. कोणत्या वर्षी कोणता बांध फुटला, हेही त्यालाच ठाऊक. चूक झाली तर दंड रोकडा: अवेळी पाणी शिरले की पिकत आलेले मीठ विरघळले.

बायकांकडचे पद याहून मोठे होते. ठाणे-रायगडच्या आगरी पट्ट्यात लग्न लावायचे ते धवलारणीने. ती बहुधा उतारवयातली बाई. मांडव, उंबर, तेलवण, हळद, वरात अशा प्रत्येक विधीचे धवले, म्हणजे लग्नगीते, वेगळे, आणि ते ठरल्या क्रमानेच यायला हवेत. धवल्यांची परंपरा मराठीत फार जुनी आहे; तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नावर धवळे रचले, आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिचे नाव घेतो ते त्यांच्यामुळेच. आगरी धवलारणीच्या हाती मात्र पोथी नव्हती. दोन-दोन दिवस चालणारे लग्न ती तोंडपाठ निभावून न्यायची. ती अडखळली तर विधी अडायचा.

हे सारे निव्वळ घोकंपट्टीने होत नसते. 1930 च्या दशकात मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लावियातल्या निरक्षर गायकांचा अभ्यास केला. अव्दो मेजेदोविच या उतारवयातल्या गायकाने त्यांना एका लग्नाची कथा बारा हजारांहून अधिक ओळींत सांगितली. तो शब्द न् शब्द पाठ म्हणत नव्हता. प्रसंगांचा क्रम आणि ठरलेल्या शब्दबंधांच्या आधाराने दर वेळी कथा नव्याने उभी करत होता. धवलारणीचेही काम मला याच जातीचे वाटते. उलट बाजूचा पुरावा ब्रिटिश सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात मिळतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार शब्दस्मरणाची घसरण निवृत्तीपूर्वीच्या तुलनेत निवृत्तीनंतर 38 टक्के अधिक वेगाने झाली. आणि कोड्यांचे काय? अमेरिकेतल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या 2,832 ज्येष्ठांवरच्या चाचणीत ज्याला ज्या कौशल्याचे प्रशिक्षण दिले, ते मुख्यतः तेवढेच सुधारले. सुडोकूने सुडोकू सुधारतो. वाईट काही नाही, पण त्याची कुणी वाट पाहत बसलेले नसते.

यावर आक्षेप सरळ आहे. ज्यांचे स्मरण शाबूत होते त्याच बाया धवलारणी झाल्या. विसरभोळ्या म्हाताऱ्यांची नोंद कोण ठेवणार? शिवाय स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या वयापर्यंत पोचणारेच थोडे. दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. धवले गायल्याने आजार टळतो, असा दावा कुणी करू नये. त्यात रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, एकटेपणा अशा अनेक गोष्टींचा हात असतो. पण आक्षेपाने निवड सिद्ध होते, सराव खोटा ठरत नाही. निवडलेली बाईसुद्धा दर लग्नसराईत पुन्हा कसाला लागत होती, आणि तिच्या मागे बसून सूर धरणाऱ्या तरुण बायका तिच्याकडून शिकत होत्या. एकटेपणाला तिथे फारशी जागा नव्हती. हा काळ सुखाचा होता असेही नाही. मिठाने सोललेल्या पायांचे आयुष्य कुणी हौसेने मागणार नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. हळदीला आता डीजे लागतो, धवले ध्वनिमुद्रित मिळतात. मग ते जपले गेलेच ना? गीत जपले गेले, हे खरे. पण धवलारीण गाण्यात नवऱ्याचे, नवरीचे, आईबापांचे, मामाचे नाव गुंफते, विधी लांबला तर ओळी वाढवते, मुहूर्त टळत आला तर आवरते. ध्वनिमुद्रणात ज्याचे त्याचे नाव येत नाही, आणि मांडवात मामा अजून आलेला नाही हेही त्याला कळत नाही. ज्या घरांत आजही आधी धवलारणीला सांगावा जातो, तिथे तिला जाण्यापूर्वी नात्यांची उजळणी करावीच लागते.