आण्णांच्या दंडावरची पट्टी



आपल्या घरांतून पूर्वजांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. कुणी कुठं मंदिर बांधलं, कुणी संघ काढला, कुणी अडत दुकान घातलं. पण घरातला कुणी सैन्यात होता, हे मात्र आपण हळू आवाजात सांगतो. अहिंसेच्या घरात बंदूक कशी आली, हा प्रश्न नको असतो.

आमच्या घरात तो प्रश्न ऐंशी वर्षं होता. माझे आजेसासरे, सगळ्यांचे आण्णा, दुसऱ्या महायुद्धात गेले होते. शिरोळ भागातलं शेतकरी घर, डोक्यावर कर्ज, आणि १९४२ साली भरती जोरात. परत आले ते १९४६ मध्ये. 'माणसं मारून आलाय' असं भावकीत कुणीतरी बोललं आणि ते वाक्य चिकटलं. बरीच वर्षं त्यांना अभिषेकाला पुढं होऊ दिलं नाही. त्यांनी वाद घातला नाही, मागं उभं राहून दर्शन घेतलं. ते गेल्यावरही हे बोलणं त्यांच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या आत्यांच्या वाट्याला आलं. आत्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. मागच्या चातुर्मासात त्या मला म्हणाल्या, "माझ्या बापानं तिकडं काय केलं, ते मला एकदा कळू दे गं. चांगलं असंल नाहीतर वाईट."

हाताशी एवढंच होतं: एक फोटो, दोन सहा टोकांच्या चांदण्यांसारखी पदकं, आणि पोथ्यांच्या पेटीत तळाशी घडी घातलेला एक इंग्रजी कागद.

आधी फोटो. जुन्या फोटोत आपण चेहरा बघतो. पण सैनिकाच्या फोटोत बाही आधी बघावी. बाहीवर इंग्रजी व्ही उलटा-सुलटा कसाही दिसो, पट्ट्या मोजायच्या. एक म्हणजे लान्स नायक, दोन म्हणजे नायक, तीन म्हणजे हवालदार. आण्णांच्या बाहीवर एकही नाही, म्हणजे साधे शिपाई. मग खांदा. तिथं पलटणीची किंवा खात्याची आद्याक्षरं असतात. भिंगातून बघितल्यावर चार अक्षरं लागली: आय.ए.एम.सी. म्हणजे इंडियन आर्मी मेडिकल कोअर. हे खातं ३ एप्रिल १९४३ रोजी सुरू झालं. त्याआधी शिपायांचं इंडियन हॉस्पिटल कोअर वेगळं होतं, ते यात मिसळलं. म्हणजे फोटो एप्रिल १९४३ नंतरचा, हेही त्या चार अक्षरांनीच सांगितलं.

आणि डाव्या दंडावर पांढरी पट्टी, तिच्यावर काळी फुली. घरात सगळ्यांना ती जखमेची पट्टी वाटायची. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल रंग काळा दिसतो, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. तो रेडक्रॉस आहे. जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय सेवेतली माणसं ही पट्टी बांधत. त्यांच्यावर गोळी झाडायची नाही, आणि त्यांनी जखमी शत्रूलाही उपचार द्यायचे, असा तो करार.

फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा फिकट शिक्का होता, गावाचं नाव बारी. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बंदर. पदकांपैकी एकावर 'द इटली स्टार' अशी अक्षरं आहेतच. दोन्ही जुळलं.

आता कागद. तो होता डिस्चार्ज सर्टिफिकेट, सेवामुक्तीचा दाखला. मैत्रिणींनो, हा कागद कुणाच्या घरी असेल तर जपा. त्यात नंबर, गाव, जात-धर्म, उंची, अंगावरच्या खुणा, परदेशातली सेवा, पदकं आणि वर्तणूक असं सगळं एका जागी मिळतं. आण्णांच्या दाखल्यात हुद्दा होता 'ॲम्ब्युलन्स सिपॉय', आणि तुकडी एक फील्ड ॲम्ब्युलन्स, आठव्या भारतीय डिव्हिजनमधली.

फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, ती एक अख्खी तुकडी असते. पलटणीच्या डॉक्टरनं आघाडीवर मलमपट्टी केली की तिथून जखमींना उचलून ड्रेसिंग स्टेशनला आणायचं, तिथून पुढं कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, मग मोठं इस्पितळ, अशी साखळी. तिच्या पहिल्या कड्यांतला माणूस म्हणजे ॲम्ब्युलन्स सिपॉय. त्याच्या हातात स्ट्रेचर.

ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत ताराँतो बंदरात उतरली. नोव्हेंबरात सांग्रो नदीवर लढाई झाली, तेव्हा पावसानं नदीला पूर आला, पूल वाहून गेले, सगळीकडं चिखल. पुढं मे १९४४ मध्ये कॅसिनोजवळ गारी नदी ओलांडली. एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर याच डिव्हिजनमधल्या मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांग्रोच्या युद्धस्मशानात अग्निसंस्कार झालेल्या पाचशेहून जास्त भारतीय जवानांचं स्मारक आहे. आण्णा परत आले, ते नशीब म्हणायचं.

मी त्यांना संत करायला बसलेली नाही. ते पगारासाठी गेले, आणि बरा झालेला जवान पुन्हा लढायलाच जायचा. सैन्याच्या कामापासून ते वेगळे नव्हते. पण आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसा सोडायची असते. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते, हे आपण दर महामस्तकाभिषेकाला ऐकतो. सेनापतीनं घडवलेल्या मूर्तीपुढं आपण हात जोडतो, आणि स्ट्रेचर उचलणाऱ्याला अभिषेकापासून दूर ठेवतो. आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे तर अभ्यंतर तपांतलं एक तप. ज्यांनी आण्णांना मागं उभं केलं, त्यांनी हा कागद कधी उघडला नव्हता.

तुमच्याही घरी असं कुणी असेल तर शोधा. मूळ सेवापुस्तकं त्या त्या खात्याच्या अभिलेख कार्यालयात असतात, वैद्यकीय खात्याची लखनौला, मराठा पलटणींची बेळगावला. वारसानं नंबर, नाव, गाव देऊन अर्ज करायचा. नंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण पाटील, चौगुले, मगदूम हजारो सापडतात आणि इंग्रजी स्पेलिंग ऐकून लिहिलेलं असतं. गाव तेव्हाच्या संस्थानासकट लिहा. आमच्या कागदात जिल्हा नाही, 'कोल्हापूर स्टेट' आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. तुकडीची रोजची डायरी लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ १७० या मालिकेत मिळते, इटलीतल्या तुकड्यांसाठी. तिच्यात शिपायांची नावं क्वचितच येतात, पण कुठल्या दिवशी तुकडी कुठं होती ते कळतं. पदकांना पॉलिश करू नका. फोटोच्या मागं बॉलपेननं नको, शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं नाव लिहा.

आत्यांना मी सगळं मराठीत वाचून दाखवलं. वर्तणुकीच्या रकान्यात 'व्हेरी गुड' आहे, ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्या कागदाची एक प्रत आता त्यांनी भावकीतल्या सहाही घरी पाठवली आहे. सोबत चिठ्ठी नाही, नुसता कागद.