गार्सिया द ओर्ताचे तिकीट

आमच्या वडिलांच्या एका जुन्या वहीत गोव्याहून आलेली काही टपालतिकिटे चिकटविलेली आहेत. त्यांत पोर्तुगीज हिंदच्या सरकारने १९४६ साली काढलेल्या मालेतील एक तिकीट आहे. वास्को द गामा, आल्बुकेर्क, आल्मेदा, संत फ्रान्सिस झेवियर, कवी कामोंइश अशा मातब्बर मंडळींच्या पंक्तीस त्या सरकारने एक वैद्य बसविला : गार्सिया द ओर्ता. शिक्षकी पेशात असता ही वही आम्ही अनेकदा वर्गात नेली. मुले गामास तत्काळ ओळखीत. या वैद्यास ओळखणारा विद्यार्थी आम्हांस कधी भेटला नाही.

ओर्ता १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत इकडेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा असे, आणि मुंबई बेट त्यास खंडाने मिळालेले होते. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादात्मक ग्रंथ छापून निघाला. कापूर, हिंग, भांग, दालचिनी, आंबा, फणस यांची त्यात चिकित्सा आहे. पटकीच्या रोगाचेही वर्णन आहे. युरोपातील वैद्यक तेव्हा ग्रीक ग्रंथांस प्रमाण मानी. ओर्ता मात्र स्वतः पाहिलेल्यास प्रमाण मानी. इकडच्या वैद्यांस तो विचारी, त्यांचे उपचार पाही, वनस्पतींची देशी नावे टिपून घेई. मलुपा नावाचा एक हिंदू वैद्य तर ग्रंथातील संवादात स्वतः बोलतो.

येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. मलुपाचे निदान नाव तरी उरले. ज्यांनी ओर्तास शिकविले असे इतर कित्येक वैद्य निनावीच राहिले. पुढे शतकाने कोचीनास डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी १६७५ साली नागरी अक्षरांत लिहून दिलेली साक्ष त्याच्या पहिल्याच खंडात छापली गेली. या स्मरणिकेच्या वाचकांस ती नावे नव्याने सांगावयास नकोत.

ओर्ताचे आईबाप सक्तीने ख्रिस्ती केलेले यहुदी. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनची स्थापना झाली, तेव्हा तो हयात होता. १५६८ साली तो वारला, म्हणून वाचला असे म्हणावे, तर तसेही नाही. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. भाऊ गुप्तपणे यहुदी धर्म पाळी, असे चौकशीत निघाले. १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली.

ज्या पोर्तुगीज सत्तेच्या छायेत हे घडले, तिनेच ३६६ वर्षांनी त्याचे तिकीट काढले. अन्याय उमजला म्हणून काढले, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या साम्राज्याच्या थोर पुरुषांची यादी करताना एक विद्वान हवा होता, इतकेच. १९६१ साली ते राज्य गोव्यातून गेले. १९७१ साली पोर्तुगालने वीस एस्कुदोंच्या नोटेवरही त्याची छबी छापली. पणजीच्या नगरोद्यानास त्याचे नाव आहे, आणि सायंकाळी तेथे बाकावर बसणाऱ्या मंडळींत आम्हीही अनेकदा बसलो आहोत.