विद्युत् रोध व शक्ती : गणन

वाहकाच्या दोन टोकांमधील विद्युत् दाब (व्होल्ट) आणि त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) या दोन मापांवरून त्या वाहकाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, व त्यात दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा म्हणजेच शक्ती काढण्याची रीत. दाबाला प्रवाहाने भागले असता रोध ओहममध्ये, तर दोहोंचा गुणाकार केला असता शक्ती वॉटमध्ये मिळते. यांपैकी पहिला संबंध जर्मन भौतिकीविज्ञ ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केला.

मुंबईच्या मरोळ उपनगरात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. तेथील एखादा गीझर ८.७ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याच्या कॉइलचा रोध सुमारे २६.४ ओहम व शक्ती सुमारे २,००० वॉट भरते. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरल्यास रोध जवळजवळ तोच राहतो, पण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून सुमारे १,५०० वॉटवर येते आणि पाणी तापायला वेळ लागतो.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रांना मात्र हा सरळ हिशेब लावणे चुकीचे ठरते. मोटरीत प्रवाह दाबाच्या मागे पडत असल्याने गुणाकारास शक्तिगुणकानेही (पॉवर फॅक्टरने) गुणावे लागते, आणि तीन फेजच्या पुरवठ्यात १.७३२ नेही. ४१५ व्होल्टवर १० अँपिअर घेणारी, ०.८ शक्तिगुणकाची मोटर त्यामुळे सुमारे ५,७५० वॉट खेचते. अशा मोटरीत एका फेजचा दाब भागिले त्याच फेजचा प्रवाह हे उत्तर रोधाचे नसून संरोधाचे, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचे, असते. गुंडाळीचा खरा रोध पुरवठा तोडून ओहममापकाने मोजता येतो.